तिसऱ्या गटातलं गाव

जगातली बहुतेक पांढरी पूड घरात बसून ओळखता येते. साखर कुठली ते मुंग्या सांगतात, मीठ कुठलं ते पावसाळा सांगतो, तुरटी आजोबांच्या दाढीच्या डब्यात असते आणि खाण्याचा सोडा साखरेच्या जागी पडला तर चहाच बोलतो. एवढी सोय असताना दरवर्षी सेकंड पीयूसीच्या, म्हणजे बारावीच्या, मुलांना परीक्षेत कागदाच्या पुडीतून चिमूटभर पांढरी पूड देतात, तिचं नाव लपवून ठेवतात आणि म्हणतात, ओळखा. चव घ्यायची नाही, हात लावायचा नाही, शेजाऱ्याला विचारायचं नाही. या तीन अटी पाळून आमच्या भागात कुणी काही ओळखल्याचं ऐकिवात नाही. इथे नवा माणूससुद्धा शेजाऱ्याला विचारूनच ओळखतात.

आमचा भाग म्हणजे जांबोटी. बेळगावहून चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्यांनी चहाभज्यांसाठी थांबायचं ठिकाण, अशी बाहेरच्यांची समजूत आहे, आणि आमचीही त्याबद्दल तक्रार नाही. गाव खानापूर तालुक्यातलं. खानापूरचा रस्ता बेळगावच्या रस्त्याला मिळतो तिथे आम्ही, पुढे कणकुंबी, मग घाट, मग गोवा. पावसाळ्यात चार महिने आभाळ कौलांवर टेकलेलं असतं आणि उरलेले आठ महिने लोक त्या चार महिन्यांबद्दल बोलत असतात. अशा गावातून माझा पुतण्या सकाळच्या बसने बेळगावला कॉलेजात जातो आणि संध्याकाळी सायन्स घेऊन परत येतो. सायन्स घरात आलं ते पहिल्यांदा वासाने कळलं.

"काय रे, बसमधी अंडी फुटली व्हय?" आजीनं ओसरीवरूनच विचारलं.

"अंडी न्हाईत आज्जी, एचटूएस हाय. हायड्रोजन सल्फाइड."

"कोण का असंना, पयलं हातपाय धुऊन ये."

त्याला बसमध्ये हल्ली बसायला जागा मिळते, असं त्यानं नंतर अभिमानानं सांगितलं. दोघांची सीट एकट्याला.

हा नासक्या अंड्यांचा वायू म्हणजे या सगळ्या विद्येचा मुख्य हवालदार. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात काचेचे तीन गोल एकावर एक बसवलेलं यंत्र असतं. ते १८४० च्या दशकात डेल्फ्टच्या किप नावाच्या औषधविक्यानं काढलं. तोटी सोडली की वायू येतो, बंद केली की थांबतो; आमच्या नळपाणी योजनेला जे अजून जमलेलं नाही ते त्या डच माणसानं तेव्हाच करून ठेवलं. वायू मात्र विषारी. अगदी किंचित असला तरी नाकाला कळतो, आणि फार झाला की नाकच काम करायचं बंद होतं. म्हणजे वास येतोय तोवर शिव्या घालाव्यात. येईनासा झाला तर शिव्या न घालता बाहेर पळावं.

आता या सॉल्ट अ‍ॅनालिसिसमागची कल्पना. ती इतकी साधी आहे की परीक्षेत कुणी विचारत नाही. पाण्यात बऱ्याच धातूंचे आयन एकत्र विरघळलेले आहेत. दिसत कुणीच नाही. मग एक असं औषध घालायचं की त्यातले काहीच घट्ट होऊन तळाला बसतील आणि बाकीचे पाण्यातच राहतील. तळाला बसलेला साका गाळून बाजूला काढायचा, राहिलेल्या पाण्यात पुढचं औषध घालायचं. असं करत धातूंचे गट पाडले आहेत. विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर बसतात ते पहिल्या गटाचे: शिसं, चांदी. मग त्या आम्लाच्याच पाण्यात आमचा वायू सोडला की दुसरा गट: तांबं, कॅडमियम, बिस्मथ. मग नवसागर आणि अमोनिया घातला की तिसरा: लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, क्रोमियम. अमोनिया असताना पुन्हा तोच वायू सोडला की चौथा: जस्त, निकेल, कोबाल्ट, मँगेनीज. अमोनियम कार्बोनेटनं पाचवा: कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम. शेवटी मॅग्नेशियम आणि त्याच्याबरोबर कुणालाच दाद न देणारे सोडियम, पोटॅशियम. अमोनियमला कुठल्याच पंगतीत बसवता येईना, कारण अमोनिया आपणच जागोजागी ओतत असतो. त्याला शून्य गट देऊन आधीच वासावरून निकालात काढतात.

हा क्रम पक्का करून मुलांच्या गळ्यात घालणाऱ्यांत पहिलं नाव फ्रेझेनियस या जर्मन रसायनज्ञाचं. त्याचं पुस्तक १८४१ साली निघालं तेव्हा तो स्वतः बाविशीतला विद्यार्थी होता. म्हणजे हा ताप मास्तरांनी मुलांना दिला असं म्हणायची सोय नाही. एका मुलानं पुढच्या पावणेदोनशे वर्षांच्या मुलांना दिला.

खरी गंमत दुसऱ्या आणि चौथ्या गटात आहे. औषध एकच, तोच वायू. मग तांबं आधी का बसतं आणि जस्त नंतर का? तर आम्ल असलं की वायूतला सल्फाइड आयन फारच थोडा मोकळा होतो. तांब्याला तेवढा पुरतो, जस्ताला पुरत नाही. पाठ्यपुस्तकाच्या तक्त्यात कॉपर सल्फाइडच्या विद्राव्यता गुणाकाराचा आकडा दशांश चिन्हानंतर पस्तीस शून्यं मांडून झाल्यावर सुरू होतो आणि झिंक सल्फाइडचा तेवीस शून्यांनंतर. दोघांमध्ये बारा शून्यांचं अंतर. सगळी करामत त्या बारा शून्यांच्या फटीत उभं राहण्याची आहे. औषध भरपूर ओतून काही होत नाही. भरपूर ओतलं तर सगळेच खाली बसतात आणि मग कोण कुठला ते कुणालाच कळत नाही. औषध किती रोखून धरायचं ते ज्याला कळलं त्याला हा विषय कळला. आमच्याकडे खताच्या दुकानदारापासून लग्नातल्या वाढप्यापर्यंत कुणालाही हात रोखण्याची सवय नाही, आणि मुलं त्यांचीच.

प्रत्यक्षात मात्र परीक्षेचं काम उलट्या टोकानं चालतं. आधी उत्तर, मग प्रयोग. उत्तर मिळण्याचे राजमार्ग ठरलेले. पूड निळी असेल तर तांबं. हिरवी असेल तर निकेल, नाहीतर लोखंड. गुलाबी असेल तर कोबाल्ट, आणि फिकट गुलाबी, म्हणजे साडीच्या दुकानात ज्याला बेबी पिंक म्हणतात तसली असेल, तर मँगेनीज. रंगीत पूड मिळालेल्या मुलाच्या चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा भाव असतो. पांढरी मिळालेला मात्र अटेंडरकडे बघतो.

अटेंडर हा प्रयोगशाळेतला खरा विश्लेषक. बाटल्यांतून पुड्या तोच बांधतो. त्याला किती विद्राव्य आणि किती अविद्राव्य राहायचं हे तीस वर्षांच्या नोकरीत कळलेलं असतं. तो कधीही नाव सांगत नाही; ते नियमात बसत नाही. तो फक्त फडक्यानं टेबल पुसत जवळून जातो आणि म्हणतो, "पाचव्यापर्यंत जावा." एवढ्यावर मुलगा चार गटांच्या निरीक्षणांच्या रकान्यात "साका नाही" असं सुवाच्य अक्षरात लिहून टाकतो आणि थेट अमोनियम कार्बोनेटच्या बाटलीला हात घालतो. निरीक्षणाआधी निष्कर्ष लिहिण्याची ही पद्धत पुढे ज्यांना अंगवळणी पडते ते वर्तमानपत्रांत लिहू लागतात.

एकदा पुतण्यानं प्रयोगवही घरी आणली आणि दिव्याखाली बसून पाठ म्हणू लागला. नाव आलं अमोनियम क्लोराइडचं. आजी माळ ओढत होती, ती थांबली.

"म्हंजे काय ते?"

"पांढरं असतंय आज्जी. तापवलं की धूर होतोय."

"नवसागर म्हण की! कल्हईवाला टाकायचा न्हवं का भांड्यात."

आणि मग आजीनं एकेक काढायला सुरुवात केली. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियमचं जोडसल्फेट. आजीला आयन माहीत नाहीत, पण गावातल्या कुठल्या दुकानात कुठल्या फळीवर काय असतं ते माहीत आहे, आणि परीक्षेतल्या पुड्यांतला निम्मा माल त्याच फळीवरचा निघाला. पुतण्यानं हे कॉलेजात सांगितलं नाही. आजी बिनपगारी अटेंडर आहे हे बाहेर फुटू नये, असं त्याचं मत पडलं.

नवसागराचं काम इथे फार नाजूक आहे. तिसऱ्या गटाला नुसता अमोनिया घातला तर लोखंडाबरोबर मॅग्नेशियमसुद्धा खाली बसू लागतं, म्हणजे शेवटच्या गटातला पाहुणा तिसऱ्या पंगतीलाच पाट मांडतो. आधी नवसागर घातला की अमोनियाचा जोर आवळला जातो. हायड्रॉक्साइड आयन इतका कमी उरतो की लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, क्रोमियम या अगदी थोडक्यात खाली बसणाऱ्यांचंच भागतं. यालाच समान आयन परिणाम म्हणतात. मुलं व्याख्या बिनचूक म्हणतात आणि नवसागर घालायला विसरतात.

तिसरा गट हा माझा आवडता, कारण गावाचा विषय तिथे सुरू होतो. लोखंडाचा साका तांबूस तपकिरी, अ‍ॅल्युमिनियमचा पांढरा चिकट, खळीसारखा. पुतण्यानं काचेच्या नळीत तो तांबूस साका करून दाखवला, म्हणजे मोबाइलवर फोटो दाखवला, तेव्हा घरातले सगळे एकदम म्हणाले, "ही तर आपली परड्यातली माती!"

ते चुकलेले नव्हते. आमच्या डोंगरांच्या माथ्यावर जांभा आहे. घरं जांभ्याची, कुंपणं जांभ्याची, मुलांची ढोपरं फुटतात तीही जांभ्यावर. हा दगड झाला कसा? लाखो वर्षं खडकावर पाऊस पडला. त्या पावसाच्या पाण्यानं खडकातलं सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम धुऊन नेलं, सिलिकासुद्धा बरीच नेली. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम हे दोघे मात्र पाण्याला दाद देईनात. ऑक्साइड-हायड्रॉक्साइड होऊन जागच्या जागी बसले. म्हणजे आकाशातून औषध ओतून, घाई न करता, निसर्गानं इथे तिसरा गट वेगळा केला आणि फिल्टरपेपरवर जे उरलं त्यावर आम्ही घरं बांधली. पुतण्याला ज्या कामाला तीन तास देतात त्याला इथे काही लाख वर्षं दिली गेली, आणि अटेंडरही नव्हता.

बाकीचे गट गेले कुठे, हेही शोधता येतं. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा आमच्या बाजूनं खानापूरकडे आणि मग पार कुडलसंगमला जाऊन कृष्णेला मिळते. शेजारच्याच रानातून निघणारी म्हादई मात्र पश्चिमेला वळून गोव्यात मांडवी होते. जांभ्यातून निघालेला माल हा असा दोन समुद्रांना वाटला गेला. पूर्वेकडे काळ्या मातीच्या कोरड्या मुलखात सगळं धुऊन न्यायला पाऊसच पुरत नाही. तिथे पाचव्या गटातलं कॅल्शियम चुनखडी होऊन मातीतच खडे धरून बसतं, नांगराच्या फाळाला लागतं. गोव्याच्या बाजूला समुद्रातल्या तिसऱ्या आणि कालवं हेच काम करतात: पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट करून अंगाभोवती बांधून घेतात. गोव्याला गेलेला पाहुणा तिसऱ्यांचं सुकं खाऊन शिंपल्यांचा ढीग ताटाशेजारी लावतो तो पाचव्या गटाचा साका असतो. आणि ज्याला कुणीच खाली बसवू शकत नाही ते सोडियम समुद्रात साचत राहिलं. त्यामुळे शेवटच्या गटाला वेगळी परीक्षा लागत नाही, पोहताना घोटभर पाणी तोंडात गेलं की पुरे.

एक खुलासा इथेच करतो, नाहीतर एखादा मास्तर पत्र लिहील. आषाढात मलप्रभा लालभडक होते, हब्बनहट्टीचा नदीतला मारुती मोठ्या पुरात बुडतो, तेव्हाचं ते लाल पाणी म्हणजे विरघळलेलं लोखंड नव्हे. तो गाळ. गाळ पाण्यात तरंगतो, विरघळत नाही. द्रावण नेहमी आरपार दिसतं, मग त्याला रंग असो वा नसो. अशा गढूळ पाण्याच्या हंड्यात आजी तुरटी फिरवते. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम पाण्यात तोच खळीसारखा पांढरा साका धरतं आणि खाली जाताना गाळाला कवळून घेऊन जातं. आमच्या घरात तिसऱ्या गटाचा प्रयोग दर पावसाळ्यात होतो. फक्त साका फेकतात आणि फिल्ट्रेट पितात.

याच तिसऱ्या गटावर बेळगावात एक अख्खा कारखाना उभा आहे. यमनापूरचा. कागदोपत्री तो आता हिंडाल्कोचा, पण बेळगावकरांच्या तोंडी अजून इंडालच. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो आला. चंदगड, राधानगरीकडच्या पठारांवरचं बॉक्साइट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमनं श्रीमंत झालेला जांभ्याचाच भाऊ, ट्रकमधून इथे यायचं. माल इतका लाल की रस्त्यालाही कळायचं ट्रक कुठून आला. आत नेऊन ते दळतात आणि कॉस्टिक सोड्यात दाबाखाली उकळतात. अ‍ॅल्युमिनियमचा स्वभाव दुटप्पी: आम्लातही विरघळतं, अल्कलीतही. ते सोड्यात उतरतं. लोखंडाला सोड्याशी घेणं नाही, ते लाल चिखल होऊन मागे राहतं. गाळून घेतलेलं पाणी थंड केलं की त्यातून पांढरं अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड बाहेर पडतं, ते हजारेक अंशांवर भाजलं की अ‍ॅल्युमिना.

हा सगळा उद्योग म्हणजे पुतण्याच्या वहीतलं अठ्ठाविसावं पान आहे: तिसऱ्या गटाचा साका घ्या, कॉस्टिक सोड्यात उकळा, लोखंड वर राहील, अ‍ॅल्युमिनियम खाली उतरेल, मग त्या पाण्यात नवसागर टाकून ते परत मिळवा. फरक एवढाच की कॉलेजात तो खळीसारखा साका गाळणीतून उतरता उतरत नाही. मुलं फिल्टरपेपरकडे बघत उभी असतात, थेंब पडत नाही, तास संपतो. याच चिकटपणाला कंटाळून कार्ल योसेफ बायर नावाच्या ऑस्ट्रियन माणसानं उपाय काढला. तो सेंट पीटर्सबर्गला होता आणि त्याला अ‍ॅल्युमिना हवं होतं ते विमानांसाठी नव्हे, कापडाला रंग पक्का बसावा म्हणून. त्याच्या लक्षात आलं की सोड्याच्या पाण्यात आधीच तयार असलेले हायड्रॉक्साइडचे थोडे कण सोडले, म्हणजे दुधाला विरजण लावतात तसे, की नवा साका चिकट न होता स्वच्छ दाणेदार पडतो आणि झटकन गाळला जातो. १८८८ चं त्याचं पेटंट. आज जगभरचं बहुतेक अ‍ॅल्युमिना याच रीतीनं निघतं, आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या कुकरचा जन्म एका गाळणीच्या वैतागातून झालेला आहे.

लाल चिखलाचं मात्र अजून कुणाला नीट काही सुचलेलं नाही. टनभर अ‍ॅल्युमिनामागे तोही टनभर, कधी जास्तच निघतो, आणि त्यात सोड्याचा अंश. जगभर त्याचे डोंगर साठलेत. वेगळं करणं एकवेळ जमतं. वेगळं काढलेल्याला ठेवायचं कुठे, हा प्रश्न प्रयोगवहीत नसतो. तिथे शेवटची ओळ "बेसिनात ओतावे" अशी असते.

वेगळं करण्याचा विषय निघाला आणि सीमाभागातला माणूस गप्प बसला, असं होत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची भाषावार वाटणी झाली आणि आम्ही म्हैसूर राज्याच्या नळीत जाऊन पडलो. पुढे १९६६ साली माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला, १९६७ ला अहवाल आला: २६४ गावं महाराष्ट्राला द्या, बेळगाव म्हैसूर राज्यातच, म्हणजे आजच्या कर्नाटकात, राहू द्या. महाराष्ट्रानं तो मानला नाही. २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अजून फिल्टरपेपरमधून उतरतंय. थेंब दिसत नाही.

माझा पक्ष कुठला ते भाषेवरून कळेलच, त्यामुळे त्यावर बोलत नाही. पण रसायनशास्त्राच्या बाजूनं एक अडचण नोंदवतो. आमच्या नाक्यावरचा चहावाला गोव्याच्या गिऱ्हाइकाशी कोकणीत बोलतो, बस ड्रायव्हरशी कन्नडमध्ये, बायकोशी मराठीत आणि कुत्र्याला हाकलतो हिंदीत. त्याच्या बोलण्यात "बा" कुठलं आणि "की" कुठलं हे काढायला बसलात तर चहा गार होईल. याला कोणतं औषध घालून कुठल्या गटात खाली बसवणार? गटांच्या तक्त्यात असे लोक आहेतच. शिसं बघा. ते पहिल्या गटात पांढरं होऊन बसतं खरं, पण त्याचं क्लोराइड गार पाण्यातसुद्धा थोडं विरघळतं. तेवढं शिसं चाळणीतून निसटून दुसऱ्या गटात जातं आणि तिथे काळं होऊन पुन्हा हजर होतं. दोन्ही याद्यांत नाव, दोन्हीकडे खरं. फ्रेझेनियसच्या लोकांनी त्यावर वाद घातला नाही. शिसं दोन्ही गटांत लिहून टाकलं.

पुतण्याला एकदा मी विचारलं, हे सगळं करून पुढे उपयोग काय? आता म्हणे असली यंत्रं आहेत की नमुना आत फवारला की मिनिटाभरात सगळे धातू आकड्यांसकट पडद्यावर येतात. तो म्हणाला, "मग काका, आमाला कशाला शिकवत्यात?" ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण एक गोष्ट होती.

१८८६ साली फ्रायबर्गमध्ये क्लेमेन्स विंकलर नावाचा प्राध्यापक एका चांदीच्या खनिजाचं पृथक्करण करत होता. सगळे गट काढून झाले, वजनं मांडली, बेरीज केली, तर शंभरात सातच्या आसपास कमी येई. पुन्हा केलं, पुन्हा तेवढंच कमी. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या हिशेबात शंभरातले फक्त सात कमी आले तर सत्कार होईल. विंकलरला झोप येईना. खणत गेला आणि त्या सातांत जर्मेनियम नावाचं नवं मूलद्रव्य सापडलं. पुढे त्याचेच ट्रान्झिस्टर झाले आणि आमच्या आजोबांच्या रेडिओवर नाटकं लागू लागली.

त्यानंतर १८९८. पॅरिसमध्ये मारी आणि पिएर क्यूरी पिचब्लेंड नावाचं खनिज घेऊन हाच खेळ खेळत होते. हेच गट, हाच घाणेरडा वायू. फक्त प्रत्येक साक्याचा किरणोत्सार मोजायचा. दुसऱ्या गटात बिस्मथबरोबर कुणीतरी लपून खाली बसतंय असं दिसलं, ते पोलोनियम. पाचव्या गटात बेरियमच्या आडून आणखी कुणी, ते रेडियम. टनावारी चोथा उकळून मारीबाईंनी १९०२ पर्यंत रेडियम क्लोराइड वेगळं काढलं ते सुमारे एक दशांश ग्रॅम. कल्हईवाला याहून जास्त नवसागर उडवून टाकतो.

आणि १९३८ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान युरेनियमवर न्यूट्रॉन मारून काय झालं ते बघत होते. त्यांना वाटलं रेडियम तयार झालंय. बेरियमच्या सोबतीनं ते खाली बसवलं आणि मग बेरियमपासून वेगळं करू पाहिलं. होईना. कितीदा केलं तरी होईना, कारण ते रेडियम नव्हतंच, बेरियमच होतं. युरेनियमचा अणू दुभंगला होता. अणुबाँबची बातमी जगाला पहिल्यांदा एका पाचव्या गटाच्या साक्यानं दिली. हान यांच्या प्रयोगशाळेतही एखादा अटेंडर फडकं घेऊन फिरत असता आणि "रेडियम लिहा, सर तेच धरतात" म्हणाला असता, तर विसाव्या शतकाचा इतिहास काय झाला असता कोण जाणे.

पुतण्यानं हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, पण आमाला एकच कॅटायन देतात. मिक्स्चर नसतंय." मुलं व्यवहारी असतात.

तेव्हा यंदा परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींना दोनच गोष्टी सांगतो, त्याही अटेंडर सांगणार नाही म्हणून. तिसऱ्या गटात अमोनियाच्या आधी नवसागर घाला, मागाहून नव्हे. आणि पहिल्या गटात साका आला नाही एवढ्यावरून शिसं नाही असं लिहू नका. दुसऱ्या गटात काळं काही दिसलं तर आधी त्याची चौकशी करा.